दोनशे घोड्यांचा सौदा

धन्यकुमार हरला असता तर त्याचं एक गोदाम जाणार होतं. तेही कुपवाड रस्त्यावरचं, ज्याचं छप्पर गळत होतं आणि ज्यात गेल्या दोन वर्षांत उंदरांखेरीज भाडेकरू टिकला नव्हता. जिंकला असता तर त्याची पोरगी पेढीच्या गादीवर येणार होती. पोरगी म्हणजे साधी नव्हे. हळदीचं कांडं मोडताना होणाऱ्या आवाजावरून ओल किती ते सांगणारी, तोंडी हिशेबात यार्डातल्या तीन मुनिमांना पाणी पाजणारी, आणि पगार न मागणारी. असा सौदा समोर आल्यावर नाही म्हणायला माणूस फार थोर तरी असावा लागतो किंवा फार मूर्ख, आणि धन्यकुमार दोन्ही नव्हता. सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं त्यानं हळदीची अडत केली होती. हरलो तरी छप्पर तीच नीट करून घेईल, हेसुद्धा त्यानं मनात धरून ठेवलं होतं.

सौद्याच्या आधी गाडी सांगायला हवी. मिरजेतल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यामागं ताडपत्रीखाली सहा वर्षं एक जर्मन बनावटीची, टर्बोवाली जुनी गाडी पडून होती. पट्टा तुटून इंजिन बसलेलं. धन्यकुमारच्या पोरीनं, ब्राह्मीनं, ती भंगाराच्या भावात उचलली, पुण्याची नोकरी सोडली आणि गाडी ओढून आणणाऱ्या टेंपोत बसूनच घरी आली. तिची आई आक्काताई हिला वाटलं, पोरगी सुट्टीवर आली. आठ दिवसांनी तिनं नवऱ्याला विचारलं,

"आवं, हिची सुट्टी कवा संपती?"

"संपली की," धन्यकुमार म्हणाला, "नोकरीबरोबरच."

ब्राह्मीचं म्हणणं सरळ होतं. टर्बोच्या गाड्या नीट बांधून देणारं सांगली-साताऱ्याकडं कुणी नाही, सगळी गिऱ्हाइकं पुण्याला जातात. ट्रकांचे आणि ऊसतोडणीच्या यंत्रांचे टर्बो तर इथंच ढिगानं बिघडतात. तिला वर्कशॉप काढायचं होतं आणि त्यासाठी ते रिकामं गोदाम हवं होतं.

"आन तू बांधलेली गाडी चांगली, हे सांगायचं कुणी? तूच?"

"मी कशाला? डायनो सांगंल, आण्णा."

डायनो म्हणजे काय ते तिनं जेवणाच्या ताटावर दोन वाट्या पालथ्या घालून दाखवलं. जमिनीत रूळ बसवलेले असतात. गाडीची पुढची चाकं त्यांच्यावर चढवायची, मागून पट्ट्यांनी करकचून बांधायची, आणि गाडी जागच्या जागी पळवायची. चाकं रुळांना किती जोरानं फिरवतात ते यंत्र मोजतं आणि कागदावर छापून देतं.

"म्हंजी काटाच की," धन्यकुमार म्हणाला. आणि त्या क्षणी त्याला तो विषय पहिल्यांदा आवडला. जे काट्यावर चढत नाही त्यावर त्यानं आयुष्यात विश्वास ठेवला नव्हता. "भरंल किती?"

"कंपनीतनं निघाली तवा इंजिनात दीडशे घोड्यांची ताकद हुती. चाकापतोर येताना एकशे तीस."

"मधले वीस कुणी खाल्ले?"

"गिअरबॉक्स, एक्सल, टायर. वाटंत जातात."

"कडता!" धन्यकुमारनं मांडीवर थाप मारली. पोत्याचं वजन, ओल, माती म्हणून तोलातून जे वजा धरतात तो कडता. शेतकऱ्याचा त्यावर राग, व्यापाऱ्याचा त्यावर डोळा. गाडीलाही कडता लागतो हे ऐकून त्याला एखादा दूरचा नातेवाईक भेटल्यासारखं झालं.

"कडता जाऊन, चाकावर दोनशे दाखवते," ब्राह्मी म्हणाली.

"दाखव. दोनशे भरले, गोदाम तुझं. अर्धा घोडा जरी कमी पडला, तर सोमवारपासनं गादीवर. पुन्हा गाडीचं नाव काढायचं न्हाई."

"हात द्या."

धन्यकुमारनं खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला, जुन्या काळी रुमालाखाली सौदे व्हायचे तसा, आणि आत तिची बोटं दाबली. आक्काताई म्हणाली, "बाप-लेकीचं काय येगळंच," आणि पालथ्या वाट्या उचलून धुवायला घेऊन गेली.

डायनो होता शिरवळला, कारखान्यांच्या रांगेतल्या एका शेडमध्ये. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. गाडी तोवर त्याच गळक्या गोदामात बांधायची होती. धन्यकुमारनं वापरायची परवानगी दिली आणि रोज संध्याकाळी, जैन घराच्या रिवाजानं सूर्य असताना जेवण उरकण्याआधी, तिकडं चक्कर मारायला सुरुवात केली. का, तर आपल्या मालावर नजर ठेवावी. पहिल्या दिवशी तो दहा मिनिटं उभा राहिला. चौथ्या दिवशी त्यानं स्वतःसाठी खुर्ची आणवली.

ब्राह्मीच्या जोडीला होता मिरजेचा निजाम. पन्नाशीचा, बुटका, कानामागं कायम खडू. त्याचा आजा तंबोऱ्याचे भोपळे कोरायचा, बाप डिझेल पंपांचे नोझल, आणि निजामच्या लेथवर अर्ध्या जिल्ह्याच्या ट्रकांचे टर्बो येऊन जायचे. डॉक्टरांच्या गाडीला जुन्यापेक्षा मोठा टर्बो बसवायचा तर त्याची नळी, त्याची बैठक, सगळं नव्यानं घडवावं लागणार होतं. निजामनं ते घडवलं. मग टर्बोच्या आतल्या पंख्याचा दांडा दोन बोटांत धरून हलवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "शेठ, हा मिनटाला लाख-सव्वालाख फेरे घ्यायचा. केसाएवढा जरी डुलला तर आपल्याच घराला फाडून बाहेर येतो."

"माणसाचंबी तसंच असतंय," धन्यकुमार म्हणाला.

"माणूस लाख फेरे कुठं घेतो, शेठ? तुमी तर दोन आठवड्यांत खुर्चीतनं उठला न्हाई."

धन्यकुमारला टोमणा लागला नाही, कारण तो वही बघत होता. ब्राह्मीची वही. तेलाची तारीख, नळीच्या प्रत्येक पकडीचा आवळ, प्रत्येक प्लगच्या फटीचं माप, सकाळची हवा, दुपारची हवा, सगळं बारीक अक्षरात ओळीनं लिहिलेलं. खाडाखोड केली तर एकच रेघ मारून, खालचा आकडा वाचता येईल अशी. ही पद्धत कुठून आली ते ओळखायला त्याला आरसा लागला नाही.

मोठा टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो. ती वाटेत एखाद्या सांध्यातून निसटली, तर घोडे निसटले. ती गळती शोधायला पुण्यात धुराचं यंत्र वापरतात. निजामनं घरून ऊद आणला, पत्र्याच्या डब्यात निखाऱ्यावर टाकला, आणि फुंकणीनं तो धूर बंद केलेल्या नळीत सोडला. गोदामात दर्ग्यासारखा वास पसरला. दहा मिनिटं काही दिसेना. मग रेडिएटरजवळच्या एका वळणावरून धुराचं बारीक सूत वर आलं, उदबत्तीच्या टोकावरून येतं तसं.

"घावलं बघ!" निजाम ओरडला.

"खूण करा, चाचा," ब्राह्मी शांतपणे म्हणाली आणि आधी वहीत लिहून मग पाना उचलला.

आक्काताई डबा घेऊन आली की तीही रिकामी बसत नसे. रुळांवर चाकं फिरली की टायरच्या खाचांत अडकलेले खडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात, असं पोरीनं सांगितल्यावर तिनं पाटावर बैठक मारली आणि पेचकसानं चारी टायर तांदूळ निवडावेत तसे निवडून काढले. एका खाचेतून मुंगी निघाली, तिला तिनं कागदावर घेऊन बाहेर नेऊन सोडलं. "कोण कुठली, हिला कशाला शिरवळला," म्हणाली.

हे सगळं धन्यकुमारला करमणूक म्हणून ठीक होतं. पारडं हललं ते जाण्याच्या पाच दिवस आधी. चार सिलिंडरांचा दाब मोजला तेव्हा तिसऱ्याचा थोडा कमी आला. फार नाही. निजामनं मीटर बघितला आणि मान डोलावली. "चालंल, बेटा. एवढा फरक नव्या गाडीलाबी असतो."

"चालंल," ब्राह्मी म्हणाली.

मग ती बराच वेळ इंजिनाकडं बघत राहिली.

"चालंल, पण मला ठाऊक हाय ना आता."

आणि तिनं अख्खं इंजिन पुन्हा उघडलं. चार दिवसांचं काम होतं ते. एका झडपेची बैठक नीट बसत नव्हती, ती तिनं हातानं, काडीला लावलेल्या चिकट मलमानं, गोल गोल घासत बसवली. दोन तळव्यांत काडी धरून ताक घुसळावं तशी. दोन दिवस. बोटांची कातडी गेली, तिथं पट्ट्या लावून पुन्हा घासली. निजाम तिच्यावर चिडला, मग तिच्यासाठी चहा घेऊन आला, मग स्वतःच काडी हातात घेऊन बसला.

धन्यकुमार खुर्चीत बसून हे बघत होता. यार्डात त्यानं चाळीस वर्षांत हजार माणसं बघितली होती. वरचा थर चांगला आणि खाली कचरा भरून पोतं शिवणारी. हिला पोत्याच्या तळाचा दाणा बोचत होता, जिथं कुणाचाही हात पोचणार नव्हता. अशी एक जरी असामी पेढीला मिळाली असती तर आपण कुठल्या कुठं गेलो असतो, असं त्याच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं, की ही पेढीवर आली तर हे घासणं बंद होईल. हा दुसरा विचार तोट्याचा होता. तो त्यानं झटकला, पण तो काही गेला नाही.

आता अडचण अशी, की सौदा मोडता येईना. "जा, घे गोदाम" म्हणावं, तर शब्द फिरवणं झालं. आणि पोरगी घेणारही नव्हती. त्यानं आडून विचारून बघितलं होतं, "समजा, दोन-चार घोडे हिकडंतिकडं झाले, तर..." तर ती म्हणाली, "आण्णा, हळदीचा भाव ठरल्यावर हिकडंतिकडं करता का तुमी?" झालं. त्यात वहीच्या शेवटच्या पानावर, गाडी रस्त्यावर पळवून लॅपटॉपमध्ये साठवलेल्या आकड्यांवरून, तिनं स्वतःचा अंदाज लिहिला होता, तो त्यानं चोरून वाचला: एकशे चौऱ्याण्णव ते दोनशे एक. म्हणजे सात दाण्यांत एकच दाणा आपल्या बाजूचा. आपल्या म्हणजे कुणाच्या, हे विचारायला तो थांबला नाही.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी ते तिघं निघाले. ब्राह्मी चालवायला, धन्यकुमार शेजारी, मागं निजाम हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन. पेट्रोल एकाच पंपावरचं, चांगल्या प्रतीचं, आदल्या दिवशीच भरलेलं. कराडपर्यंत तिनं गाडी अशी हळू चालवली की एक ऊसाचा ट्रॅक्टरवाला शेजारी येऊन "गाडी बिघडली का ताई?" विचारून गेला. दोनशे घोडे घेऊन बसलेल्या गाडीला ट्रॅक्टरनं मागं टाकलं हे निजामला सहन होईना.

"एकदा तरी दाब की!"

"तिथं दाबायचं, चाचा. हितं कोण मोजतंय?"

साताऱ्याला थांबून तेल बघितलं, नळ्यांवरून हात फिरवला. खंबाटकीचा बोगदा पार करून शिरवळला पोचले तेव्हा एक वाजला होता.

डायनोवर शिवतेज नावाचा खंडाळ्याचा पोरगेलासा गडी होता. दाढी कोरलेली, बोलणं गोड. गाडी बघून त्यानं मनापासून शिट्टी मारली. ब्राह्मी आणि निजाम गाडीखाली शिरून पट्टे बांधायला लागले. पुढं माणसाएवढा पंखा आणून ठेवला. धन्यकुमारला काही काम नव्हतं, आणि काम नसलेला अडत्या ही धोक्याची गोष्ट असते. तो शिवतेजला घेऊन बाहेरच्या टपरीवर गेला.

"हे यंत्र," चहा ढवळत त्यानं विचारलं, "ह्यात कमीजास्त कायतरी व्हत असंलच की?"

शिवतेज हसला. "काका, समदेच इचारतात. हवेचा दाब आमी यंत्रात भरतो. डोंगरावर हवा इरळ असती, तितं गाडीला दम लागतो. म्हणून यंत्र वरनं भर घालतं. तवा हितली हवा इरळ हाय म्हणून भरलं, की आकडा वाढला."

"किती इरळ?"

"शिरवळची हवा महाबळेश्वरची दाखवली तर आठ-नऊ टक्के सुटतात. गिऱ्हाईक खूश, फोटो काढतंय, जातंय."

उलटा कडता! आयुष्यभर पोत्यातून वजा केलं, आज पहिल्यांदा पोत्यात घालायची वेळ आली होती. धन्यकुमारनं आजवर काटा मारला नव्हता. यार्डात त्याची ती एकच श्रीमंती होती. कोणी वजनाबद्दल भांडायला लागलं की लोक म्हणायचे, चल, धन्यकुमारच्या काट्यावर चढव. पण हा काटा त्याचा नव्हता, माल त्याचा नव्हता, आणि फायदा तर नव्हताच नव्हता. उलट गोदामच जाणार होतं. स्वतःच्या तोट्यासाठी केलेली लबाडी ही लबाडी धरायची की दान? एवढा हिशेब त्यानं एका घोटात केला आणि चुकला.

"दाखव महाबळेश्वर," तो म्हणाला. "पोरीला कळू देऊ नगं."

गाडी सुरू झाली. ब्राह्मी आत बसली, कानावर जाड कानपट्ट्या, शेजारच्या सीटवर लॅपटॉप. चौथा गिअर टाकला आणि पाय दाबला. धन्यकुमारनं कारखाने बघितले होते, हळदीचे पॉलिशचे पिंप बघितले होते, पण हा आवाज त्याच्या छातीच्या पिंजऱ्यात शिरला. आधी घुमणं, मग टर्बोची बारीक वर वर चढत जाणारी शीळ, मग पत्र्याची अख्खी शेड थरथरायला लागली. मागचे पट्टे सतारीच्या तारेसारखे ताणले. गाडी जागची हलत नव्हती आणि तरी ती कुठंतरी फार लांब निघाली होती. बारा सेकंद. मग पाय सुटला आणि नळीतून फुस्स करून हवा बाहेर पडली.

पडद्यावर आकडा आला. दोनशे अकरा.

निजामनं टोपी उडवली. "अकरा वर! अकरा वर, शेठ! काढा किल्ली!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. धन्यकुमारनं ठरवल्याप्रमाणं तोंड पाडलं, आणि त्याला ते बऱ्यापैकी जमलं.

ब्राह्मी मात्र हसली नाही. छापलेला कागद तिनं आधी वर वाचला, मग खाली वाचला, जिथं बारीक अक्षरात हवेचा दाब छापला होता. मग लॅपटॉप मांडीवर घेतला. त्या गाडीला स्वतःची हवा ओळखायचा एक छोटा डोळा असतो, तो काय सांगतो ते तिनं बघितलं.

"शिवतेजभाऊ, हवा चुकली."

"आँ?"

"गाडी म्हणती नऊशे त्रेचाळीस. तुमचा कागद म्हणतो आठशे पासष्ट. गाडी शिरवळात हाय, तुमचा कागद लय उंच डोंगरावर चढलाय."

"आसंल जरा हिकडंतिकडं, ताई. दोनशेच्या वर हाय न्हवं?"

"माझा एकशे चौऱ्याण्णव ते दोनशे एकचा अंदाज हाय. दोनशे अकरा आली तवाच कळलं." आवाज तिनं चढवला नाही. "हा आकडा माझा न्हाई. खरी हवा भरा."

शिवतेजनं धन्यकुमारकडं बघितलं. धन्यकुमारनं पंख्याकडं बघितलं. चहा पाजणाऱ्याचं नाव न सांगण्याइतका शिवतेज भला होता. त्यानं मुकाट्यानं हवा बदलली, तीच फेरी यंत्रानं पुन्हा मोजली. एकशे त्र्याण्णव आणि अर्धा.

निजामनं टोपी उचलून झटकली. डायनोच्या भाड्याच्या वेळातला पाऊण तास उरला होता.

त्या पाऊण तासात ब्राह्मीनं जे केलं ते धन्यकुमार पुढं कितीतरी दिवस बोटांवर मोजून सांगत राहिला. ती पळापळ करत बसली नाही. बॉनेट उघडून पंखा लावून गाडी पंधरा मिनिटं निववली. निजामनं हवा थंड करणाऱ्या जाळीवर बर्फाच्या पिशव्या धरल्या. तिनं लॅपटॉपवर एकच गोष्ट एक पायरी बदलली, वहीत लिहिली आणि फेरी मारली. एकशे शहाण्णव पूर्णांक आठ. पुन्हा निववली, पुन्हा एक पायरी. एकशे अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.

"आता एकच," निजाम हात चोळत म्हणाला. "टर्बोचा दाब एवढासा वाढव. दोनशे दोन येतील. मी सांगतो."

"येतील," ब्राह्मी म्हणाली. तिनं लॅपटॉप फिरवून त्याला एक रेघ दाखवली. "ही बघा, चाचा. इंजिन आत ठोके द्यायला लागलंय. आणि दाबलं तर दोनशे येतील आन तिसरा पिस्टन जाईल. मग गोदामात ठेवू काय?"

निजामनं चोळते हात थांबवले. तिसरा पिस्टन त्यानंच बसवला होता.

ब्राह्मीनं चावी फिरवली. इंजिन थांबलं, आणि शेडमध्ये फक्त तापलेल्या लोखंडाची टकटक राहिली. तिनं शेवटच्या कागदाची नीट घडी घातली, वडलांसमोर आली आणि कागद त्यांच्या हातात दिला, पावती द्यावी तसा.

"दीड घोडा कमी, आण्णा. सोमवारी किती वाजता येऊ?"

आता तो जिंकला होता. पेढीला मुनीम मिळाला होता, गोदाम हातात राहिलं होतं, आणि त्यासाठी त्याला काहीसुद्धा करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं. चाळीस वर्षांत इतका स्वस्त फायदा त्याच्यापुढं आला नव्हता.

"सौदा मी हरलो," धन्यकुमार म्हणाला.

"कसं काय? एकशे अठ्ठ्याण्णव..."

"मगाशी हवा चुकली न्हवती. मी चुकवायला लावली." त्यानं शिवतेजकडं बोट दाखवलं. "ह्याला काय बोलू नगं. मीच चहा पाजून सांगितलं."

ब्राह्मीचा चेहरा आधी लाल झाला, मग तिला काहीतरी न जुळणारं जाणवलं.

"पण आण्णा, तुमी तर मला जिंकवायला..."

"हात तो हात. कुणीकडं दाबला, ते काटा इचारत न्हाई. यार्डात जुना शिरस्ता हाय. ज्याचा हात काट्याला लागला, सौदा त्याच्या अंगावर. माल खरा हुता का खोटा, कुणी बघत न्हाई. पंधरा वर्षांमागं मीच एकाला ह्याच शिरस्त्यानं बसवला हुता खाली. तवा तो रडला हुता, आन मी त्याला तत्त्वज्ञान सांगितलं हुतं." त्यानं टॉवेलनं कपाळ पुसलं. "गोदाम तुझं."

"मला असं मिळाल्यालं नगं."

"मिळाल्यालं कुठं? मी हरल्यालं हाय. हरल्याल्या मालाला नगं म्हणायचा अधिकार तुला न्हाई."

निजाम खाली बघून पट्टे सोडू लागला. त्याचे खांदे हलत होते, हसू आवरत नव्हतं. "शेठ," तो गाडीखालून म्हणाला, "चाळीस वर्सांत एकदा काटा मारला, त्यातबी पोरीनं धरला. तुमचा ह्यो धंदाच न्हवं."

ब्राह्मी तिथंच उभी राहिली. वडलांकडं तिनं असं बघितलं, जसं ती त्या तिसऱ्या सिलिंडरकडं बघत होती. मग वही उघडली.

"बरं. पण दीड घोडा माझा कमी पडला, तो माझ्या अंगावर. हळदीच्या हंगामात सकाळचे सौदे मी बघते. दहापतोर. त्याच्यानंतर गोदाम."

"दहा न्हाई, साडेदहा."

"दहा. आन तुमी वर्कशॉपात खुर्ची घेऊन यायची न्हाई."

"खुर्ची येणार," धन्यकुमार म्हणाला. ह्यावर मात्र तो हटला नाही. टॉवेल मध्ये नव्हता, तरी हात मिळाले. साताऱ्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून त्यांनी दिवस बुडायच्या आत डबा खाल्ला. आक्काताईनं चौघांचं भरून दिलं होतं, का ते तिलाच ठाऊक. निजामनं चौथं संपवलं.

आता कुणी काय दिलं, ते सांगून संपवू. शिवतेजनं शेवटच्या दोन फेऱ्यांचे पैसे घेतले नाहीत, आणि त्यानंतर आलेल्या गिऱ्हाइकांना तो खरी हवा भरून देतो, म्हणून त्याची दोन गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. छप्पर ब्राह्मीनं घातलं. निजामनं त्याचा लेथ मिरजेहून हलवून आणला, आणि गल्लीतली तीस वर्षांची, बस्तान बसलेली जागा सोडली. ब्राह्मी हंगामात सकाळी दहापर्यंत गादीवर असते, साडेनऊपासून घड्याळ बघते, आणि बोटांच्या पट्ट्यांवर हळद चढते ती दिवसभर ग्रीसमधून पिवळी दिसत राहते.

आणि धन्यकुमार. गोदाम का गेलं, हे यार्डात विचारल्यावर हरलो म्हणून सांगावं लागलं, आणि कसा हरलो तेही. त्यानं ते स्वतःच्या तोंडानं, पूर्ण सांगितलं. लोक खूप हसले. पण आता त्याच्या दारात माल उतरवणारे शेतकरी पोतं चढवल्यावर जरा पुढं वाकतात आणि काट्याचा आकडा स्वतः वाचतात. चाळीस वर्षांत कुणी वाकलं नव्हतं. धन्यकुमार काही बोलत नाही, एक पाऊल मागं सरकून त्यांना जागा करून देतो. बाकीच्यांनी दिलं ते एकदा देऊन संपलं. त्याला मात्र दर पोत्यामागं द्यावं लागतं, आणि तो देतो.